शेणाच्या गोळ्यातला सूर्य : कीटक, प्रतीक आणि कला

कीटकांच्या रूपावरून कलाकृती घडवण्याची परंपरा मानवाच्या अतिप्राचीन कलापरंपरांपैकी एक आहे, तरीही कलेच्या इतिहासग्रंथांत तिला स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळते. सिंह, हत्ती, गरुड आणि नाग यांना राजचिन्हांत व देवतांच्या वाहनांत मानाचे स्थान लाभले, त्यामुळे त्यांच्या मूर्तिविधानाचा, म्हणजे मूर्तीचे रूप व त्या रूपाचे अर्थ ठरवणाऱ्या नियमांचा, अभ्यासही तपशीलवार झाला. भुंगेरा, मधमाशी, कुंभारीण माशी आणि वाळवी यांचा उल्लेख मात्र नक्षीकामाचे वर्णन करताना एखाद्या वाक्यात येतो आणि तिथेच संपतो. वस्तुतः इजिप्तच्या राजाच्या पदवीत मधमाशी होती, चीनमध्ये मृताच्या जिभेवर जेडचा कीटक ठेवला जात असे, जपानमधील एक बौद्ध देव्हारा भुंगेऱ्यांच्या पंखांनी सजवलेला होता आणि गोमंतकातील एक ग्रामदेवता आजही वाळवीने रचलेल्या मातीच्या राशीत नांदते. एकमेकांपासून इतक्या दूरच्या समाजांनी जन्म, मरण आणि पुनर्जन्म यांसारख्या प्रश्नांची उत्तरे या लहानग्या जीवांकडे का मागितली, आणि आजच्या कलावंताने तोच विषय हाती घेताना त्या उत्तरांचे काय करावे, हा प्रस्तुत ग्रंथाचा मूळ प्रश्न आहे.

आरंभी काही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. सहा पाय, डोके-वक्ष-उदर असे शरीराचे तीन भाग आणि हाडांऐवजी बाहेरून असलेले कठीण कवच, ही कीटकाची शास्त्रीय लक्षणे होत. आठ पायांचा कोळी या व्याख्येत बसत नाही, तथापि प्राचीनांनी ही सीमा पाळलेली नसल्यामुळे प्रतीकांच्या चर्चेत तो अधूनमधून येतो. मराठीत ‘भुंगा’ आणि ‘भुंगेरा’ हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण लाकूड पोखरणारा काळा, गुणगुणणारा भुंगा हा मधमाशीच्या कुळातला आहे, तर पुढच्या पंखांची जोडी घट्ट होऊन पाठीवर झाकणासारखी बसते तो भुंगेरा होय. ‘प्रतीक’ या शब्दाचा अर्थही येथे मर्यादित घेतला आहे. लाल दिवा लागला की थांबायचे, हा संकेत झाला, कारण त्यामागे केवळ ठराव असतो. ज्या वस्तूच्या स्वतःच्या वागण्यात किंवा घडणीत तिच्या अर्थाचा काही अंश दिसतो, ती वस्तू प्रतीक ठरते. कीटक हे या दुसऱ्या अर्थाने प्रतीक आहेत, आणि म्हणूनच त्यांचे वागणे नीट पाहिल्याशिवाय त्यांचे अर्थ उलगडत नाहीत.

या ग्रंथाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, प्राचीन कीटकप्रतीके ही भोळ्या कल्पनेतून निघालेली नसून बारकाईने केलेल्या निरीक्षणातून निघालेली आहेत, आणि ते निरीक्षण ज्या ठिकाणी थांबले, त्याच ठिकाणी प्रतीकाचा जन्म झालेला आहे. कीटकाच्या आयुष्यातला निर्णायक बदल नेहमी आड होतो. तो कधी जमिनीखाली, कधी कोशात, कधी मातीच्या बंद घरट्यात आणि कधी वारुळाच्या पोटात घडतो. आत काय गेले हे पाहणाऱ्याला दिसते, बाहेर काय आले हेही दिसते, परंतु मधले काहीच दिसत नाही. त्या न दिसलेल्या मधल्या जागेत निरनिराळ्या समाजांनी आपापला देव, आपापले तत्त्वज्ञान आणि आपापली आशा ठेवली.

याचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण प्राचीन इजिप्तमध्ये सापडते. नाईलच्या खोऱ्यातला शेणकिडा जनावरांच्या ताज्या शेणातून एक गोळा कापतो, पुढच्या पायांनी थापून त्याला गोल आकार देतो आणि मग डोके खाली, पाठ वर अशा उलट्या अवस्थेत मागच्या पायांनी तो ढकलत नेतो. गोळा जमिनीत पुरला जातो, आणि काही काळाने त्याच भूमीतून नवा भुंगेरा वर येतो. प्राचीन इजिप्ती माणसाने हे पाहिले आणि आकाशातला तेजोगोल रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे कोण ढकलत नेतो, तो रात्री भूमीखाली जाऊन पहाटे नवा होऊन कसा येतो, या कोड्याचे उत्तर त्याला पायाशी मिळाले. उगवत्या सूर्याच्या देवतेचे नाव खेप्री असे होते, आणि ‘खेपर’ या धातूचा अर्थ ‘होणे, अस्तित्वात येणे’ असा होता. चित्रलिपीत तो धातू लिहिण्यासाठी भुंगेऱ्याचेच चित्र काढले जाई. राणी नेफरतारीच्या थडग्यातील भित्तिचित्रात खेप्री सिंहासनावर बसलेला आहे आणि त्याच्या मानवी खांद्यांवर चेहऱ्याच्या जागी अखंड भुंगेरा आहे. या चित्राकडे विचित्र म्हणून पाहणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की, तेथे चितारलेली गोष्ट कोणा प्राण्याची नसून एका क्रियापदाची आहे.

भुंगेऱ्याच्या आकाराचे ताईत इसवी सनापूर्वी सुमारे २००० वर्षांच्या आसपास रूढ झाले आणि पुढे शतकानुशतके घडवले जात राहिले. असा एखादा ताईत जवळून पाहिला, तर कारागिराच्या निवडीची जाण येते. अंगठ्याच्या नखाएवढा शंखजिऱ्याचा मऊ दगड कोरून त्यावर निळी-हिरवी झिलई दिलेली असते. वरच्या बाजूस डोक्याची दातेरी कड, वक्षाची आडवी रेघ आणि दोन पंखकवचांना विभागणारी उभी रेघ, एवढ्या मोजक्या खुणांत भुंगेरा उभा राहतो. कडेने पाय कोरलेले असतात, आणि लांबीच्या दिशेने आरपार पाडलेल्या भोकातून दोरा किंवा तार ओवलेली असते. सपाट तळावर नाव, आशीर्वचन किंवा नक्षी कोरून त्याच ताइताचा शिक्का म्हणून उपयोग होई. राजा तिसरा आमेनहोतेप याने तर मोठ्या आकाराचे भुंगेरे घडवून त्यांच्या तळावर राणी तीये हिच्याशी झालेल्या विवाहाची आणि आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांत मारलेल्या १०२ सिंहांची वार्ता कोरून घेतली. मृताच्या छातीवर ठेवला जाणारा ‘हृदयाचा भुंगेरा’ हिरव्या दगडाचा असावा, असा नियम होता, आणि त्याच्या तळावरील मंत्रात मृत माणूस स्वतःच्याच हृदयाला विनवतो की, न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील एका पदकाच्या मध्यभागी पिवळसर हिरव्या काचेचा भुंगेरा आहे. ही काच मानवनिर्मित नसून लिबियाच्या वाळवंटात लक्षावधी वर्षांपूर्वी प्रचंड उष्णतेने वाळू वितळून तयार झालेली आहे. या राजाच्या राज्याभिषेकाच्या नावातही, नेबखेपेरूरे यात, भुंगेऱ्याचे चिन्ह आहे, त्यामुळे त्याच्या दागिन्यांत भुंगेरा येतो तेव्हा देव आणि राजाचे नाव दोन्ही एकाच आकृतीत वाचता येतात.

प्राचीनांची या बाबतीत एक चूक झाली होती. भुंगेऱ्यांत मादी नसते, नर स्वतःचे बीज गोळ्यात ठेवतो आणि आपणच आपल्यातून जन्म घेतो, ही समजूत ग्रीक लेखक प्लूटार्क याने नोंदवून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ज्याँ-आँरी फाब्र याने जमीन खणून दाखवले की, ढकलत नेलेला गोळा बहुधा अन्नासाठी असतो, तर अंड्यासाठीचा गोळा मादी जमिनीखाली वेगळा घडवते, त्याचा आकार नासपतीसारखा निमुळता असतो आणि अंडे त्या निमुळत्या टोकात ठेवलेले असते. या शोधाने प्रतीक खोटे पडले, असे वाटण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असेही दाखवून दिले की, आफ्रिकेतील शेणकिड्याची एक जात चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरून आपला गोळा सरळ रेषेत नेते. ज्या जीवाला इजिप्तने सूर्याचा वाहक मानले, त्याचाच एक भाऊबंद खरोखर आकाश पाहून चालतो, हे ज्ञान नव्या कलावंताला जुन्या कथेइतकेच समृद्ध साहित्य पुरवते.

चीनमधील सिकाडा हा कीटक याच विचाराचे दुसरे रूप दाखवतो. सिकाडाचे पिल्लू झाडाच्या मुळांतील रस शोषत जमिनीखाली दीर्घकाळ, अनेक जातींत वर्षानुवर्षे, राहते, आणि मग एके दिवशी वर येऊन खोडाला घट्ट धरते, पाठीवर चिरलेली कात मागे टाकते आणि पंख पसरून उडून जाते. हान राजवंशाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी २०६ ते इसवी सन २२० या अवधीत, मृताच्या जिभेवर जिभेच्याच आकाराचा जेडचा सिकाडा ठेवण्याची प्रथा होती. जेड हा दगड अतिशय चिवट असून तो घासूनच घडवावा लागतो. तरीही हान कारागिरांनी हा कीटक इतक्या थोड्या, सरळ आणि ठाम रेघांत उतरवला की, त्यांच्या या शैलीला चिनी परंपरेत ‘हानांचे आठ घाव’ असे नाव मिळाले. झाडावर उरलेली रिकामी कात आणि कबरीत उरलेला देह यांचे साम्य त्या काळच्या माणसाने पाहिले होते, आणि त्या साम्याला साजेशी अशी काटकसर त्याने आपल्या हत्यारातही आणली होती.

मराठी वाचकाला हा विचार परका नाही, कारण त्याच्या स्वतःच्या परंपरेत कीटकांना गुरूचे स्थान दिलेले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो, त्यांत ज्योतीवर झेपावणारा पतंग, फुलाफुलांतून थोडे थोडे घेणारी मधमाशी आणि अळीला आपल्यासारखी करणारी कुंभारीण आहे, शिवाय स्वतःतून जाळे काढून स्वतःतच गिळणारा कोळीही आहे. संत एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, काशीस पूर्ण केलेल्या ‘एकनाथी भागवता’ने हे गुरू मराठी घराघरांत पोचवले. यांतील कुंभारणीच्या दृष्टान्ताला ‘कीटभ्रमर न्याय’ म्हणतात. न्याय म्हणजे येथे तर्कासाठी वापरला जाणारा लोकप्रसिद्ध दाखला. कुंभारीण अळीला पकडून घरट्यात कोंडते, कोंडलेली अळी भयाने अहोरात्र तिचेच चिंतन करते आणि त्या चिंतनाने शेवटी तिचेच रूप पावते. तसाच भक्तही ज्याचे ध्यान करतो, त्याच्यासारखा होतो, असे त्याचे तात्पर्य आहे.

घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा देव्हाऱ्याच्या मागे कुंभारणीने लिंपलेले घरटे ज्याने पाहिले असेल, त्याला या दाखल्यामागची नजर कळेल. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून ती एकेक फेरी करते, माती लिंपताना गुणगुणते, छोट्या मडक्याच्या आकाराची कोठडी उभी करते, तीत एकामागून एक अळ्या आणून भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी त्या मातीला आतून गोल भोक पडते आणि बाहेर येते ती कुंभारीणच. कोठडीच्या आत प्रत्यक्षात घडते ते असे की, नांगीने बधिर केलेल्या अळ्या हे कुंभारणीच्या पिल्लाचे अन्न असते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू ते खाऊन, कोशात जाऊन, पंख घेऊन बाहेर पडते. दृष्टान्ताचा पाया त्यामुळे बदलतो, परंतु आत कोंडलेली एक वस्तू दुसरीच्या रूपात पूर्णपणे विरून जाते, ही गोष्ट तशीच उरते. ध्यानाचे हे चित्र आता अधिक कठोर झाले आहे, आणि कलेच्या दृष्टीने पाहता अधिक सखोलही झाले आहे.

महाराष्ट्र आणि गोवा यांच्या बाबतीत वारुळाचा विचार टाळून पुढे जाता येत नाही. वाळवीला बोलीत पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नव्हे. शास्त्रदृष्ट्या तिचे नाते झुरळाशी अधिक जवळचे आहे. मातीचे कण लाळेने सांधून ती जे वारूळ उभारते, त्याच्या पोटात हवा खेळवणाऱ्या वाटा असतात आणि अन्नासाठी राखलेली कवकाची, म्हणजे बुरशीच्या जातीच्या वनस्पतिसदृश जीवांची, बाग असते. लोकमानसाने या घराचे श्रेय नागाला दिले आणि ‘आयत्या बिळावर नागोबा’ या म्हणीत त्याची कबुलीही देऊन टाकली. नागपंचमीला पूजा होते ती मात्र वारुळाची. गोव्यात आणि दक्षिण कोकणात सातेरी या देवीच्या काही देवळांत गाभाऱ्यात घडवलेल्या मूर्तीऐवजी वारूळच असते, त्याला कोकणीत ‘रोयण’ म्हणतात, आणि त्यावर देवीचा मुखवटा व वस्त्रे चढवली जातात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात वारूळ हे भूमातेच्या गर्भाचे प्रतीक असल्याचे साधार मांडले आहे. त्या प्रतिपादनाला निसर्गाचाही दुजोरा आहे, कारण पावसाळा सुरू झाला की याच वारुळांवर ‘रोयणीची अळमी’ म्हणून ओळखली जाणारी चविष्ट अळंबी उगवतात, आणि ती उगवतात वाळवीने आत जोपासलेल्या त्याच कवकापासून. भूमीला गर्भ आहे आणि तो पाऊस पडताच फळतो, हे तेथील माणसाने दरवर्षी डोळ्यांनी पाहिले आहे. कीटकाने घडवलेली वास्तू हीच येथे मूर्ती झाली असून मानवी कलाकार तिच्यावर केवळ अलंकार चढवतो. कीटक आणि कला यांच्या नात्याचा याहून विनम्र नमुना क्वचितच आढळेल.

कीटकाचे रूप घेणे निराळे आणि त्याचे शरीरच कलेत वापरणे निराळे. रेशीम, विदर्भातला कोसा आणि लाख ही कीटकांचीच देणगी आहे; परंतु वापरताना तेथे कीटक दिसत नाही. भुंगेऱ्याचे पंखकवच मात्र जसेच्या तसे दिसते. त्याची हिरवी-निळी-तांबूस झळाळी रंगद्रव्यातून येत नाही. कवचातील अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना ती निर्माण होते, आणि म्हणूनच कापडाचा रंग विटला तरी पंख तेवढाच चमकत राहतो. जपानमधील नारा परिसरातल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातला, सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा लाकडी देव्हारा आहे, त्याचे नाव ‘तामामुशी’, म्हणजे रत्नकीटक, या भुंगेऱ्यावरून पडले आहे. धातूच्या जाळीदार पट्ट्यांखाली या भुंगेऱ्याचे पंख बसवले होते, त्यामुळे दिव्याच्या मंद उजेडात जाळीच्या प्रत्येक छिद्रातून हिरवा प्रकाश हलताना दिसत असावा. आज त्यांतले थोडेच पंख शिल्लक आहेत. त्याच देव्हाऱ्याच्या एका फळीवर बोधिसत्त्व भुकेल्या वाघिणीसाठी स्वतःचा देह अर्पण करतो, ती जातककथा रंगवलेली आहे. देहदानाची कथा आणि मेलेल्या कीटकाच्या देहातून उरलेले तेज एकाच वस्तूवर आले आहे, आणि पाहणाऱ्याने ते शेजारी शेजारी ठेवूनच वाचावे.

भारतात हाच पंख लघुचित्रांत शिरला. पहाडी प्रदेशातील बसोहली येथे १६६० ते १६७० या दशकाच्या सुमारास भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ या नायिकाभेदावरील संस्कृत ग्रंथाची जी चित्रमालिका तयार झाली, तिच्यात चित्रकाराने नायिकेच्या दागिन्यांतील पाचू रंगाने काढलेच नाहीत. भुंगेऱ्याच्या पंखाचे तीळभर तुकडे कापून ते कागदावर चिकटवले. चित्र हातात धरून किंचित कलते केले की तापलेल्या लाल-पिवळ्या पार्श्वभूमीवर ते पाचू एकदम पेटतात आणि पुन्हा मावळतात. १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी परिधान केलेल्या मोरपिशी पोशाखाचे जरदोजी काम दिल्लीच्या कारागिरांनी केले होते, आणि त्यावरील प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्यात असाच एक पंख टाचलेला होता. एकच पदार्थ देव्हाऱ्यात दान, चित्रात शृंगार आणि दरबारात सत्ता यांची भाषा बोलतो. पदार्थाला स्वतःचा असा ठरीव अर्थ नसतो, तो सभोवतालातून येतो, ही गोष्ट कलाविद्यार्थ्याने येथून शिकावी.

युरोपात या नात्याला नवे वळण दिले ते मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) या चित्रकर्तीने. किडे चिखलातून व कुजक्या मांसातून आपोआप उपजतात, ही समजूत तेव्हा युरोपात पूर्ण मावळली नव्हती; मेरियनने स्वतः अळ्या पाळल्या, त्यांना खायला घातले, कोश कधी फुटतो याची वाट पाहिली, आणि १६९९ मध्ये धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला जाऊन तेथील कीटकांचा अभ्यास केला. १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथातील ६० चित्रांत अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू हे सारे, ती अळी ज्या झाडावर जगते त्याच झाडाच्या फांदीवर एकत्र येतात. प्राचीनांना न दिसलेला मधला काळ तिने उजेडात आणला, आणि तरीही तिच्या चित्रांतले आश्चर्य तसूभरही कमी झाले नाही. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी फ्रेंच जवाहिर रने लालिक याने चतुराच्या देहातून वर येणाऱ्या स्त्रीचा छातीवरचा अलंकार घडवला. तो आज लिस्बनच्या गुलबेंकियान संग्रहालयात आहे. त्याच्या पंखांत मागे पत्रा नसलेला पारदर्शक मिना भरलेला असल्यामुळे प्रकाश पंखातून आरपार जातो, खऱ्या चतुराच्या पंखातून जातो तसा. स्त्री कीटकातून जन्मते आहे की कीटक तिला गिळतो आहे, हे त्या अलंकारात ठरत नाही. निरीक्षण आणि कल्पना यांचा समतोल साधल्यामुळेच ही अनिश्चितता तेथे टिकून राहते.

या परंपरेत उतरू पाहणाऱ्या आजच्या कलावंताने दोन गोष्टी मनाशी बाळगाव्यात, अशी या ग्रंथाची धारणा आहे. पहिली अशी की, उसने प्रतीक लवकर विटते. इजिप्ती भुंगेरा ज्या क्षणी केवळ ‘नशिबाचे चिन्ह’ म्हणून किल्लीच्या साखळीवर येतो, त्या क्षणी त्यातला सूर्य निघून जातो, कारण ज्याने तो घडवला त्याने शेणाचा गोळा ढकलला जाताना पाहिलेला नसतो. अंगणातली कुंभारीण, कुंपणाच्या रुईवर वाढणारी फुलपाखराची अळी, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख टाकून जाणारी वाळवी, यांच्यासमोर महिनाभर वही घेऊन बसलेला कलावंत प्राचीनांच्या अधिक जवळ जातो. मुक्ताबाईंच्या कूट अभंगात आकाशात झेपावणारी मुंगी सूर्यालाच गिळते. त्या अद्भुताच्या मुळाशीही पाऊस पडताच पंख फुटून बिळाबाहेर पडणारी खरी मुंगी असणार, हे अशा निरीक्षणानंतरच जाणवते.

दुसरी गोष्ट पदार्थाची आहे. २००२ मध्ये बेल्जियमच्या यान फाब्र या कलावंताने ब्रुसेल्सच्या राजवाड्यातील आरसेमहालाचे छत दहा लाखांहून अधिक भुंगेऱ्यांच्या पंखांनी मढवले. ते काम पाहताना डोळे दिपतात, आणि त्याच वेळी हे पंख कोठून आणि कसे आले, हा प्रश्नही प्रत्येक पाहणाऱ्याच्या मनात उभा राहिला पाहिजे. शेतांवरील कीटकनाशके, तोडली गेलेली झाडी आणि रात्रभर जळणारे दिवे यांनी कीटकांचे जगणे अवघड केलेले असताना, त्यांच्या देहातून सौंदर्य घेणाऱ्या कलेने आपला हिशेब स्वच्छ ठेवणे आवश्यक आहे. नैसर्गिक मृत्यूनंतर गोळा केलेले पंख, कागद, माती, धातू किंवा मिना यांतून साधलेले रूप, हे मार्ग खुले आहेत, आणि हान कारागिरांनी दगडात सिकाडा जिवंत केला, तेव्हा त्यांना एकाही सिकाडाचा बळी द्यावा लागला नव्हता.

पुढील प्रकरणांत भुंगेरा, मधमाशी, फुलपाखरू, सिकाडा, कुंभारीण आणि वाळवी यांचा विचार याच क्रमाने केला आहे. प्रत्येकाच्या आरंभी त्या कीटकाचे जीवनचक्र, मग त्यावर उभे राहिलेले प्रतीक आणि शेवटी त्या प्रतीकाची कलेतील रूपे, अशी मांडणी मुद्दाम ठेवली आहे, कारण हाच क्रम प्राचीनांच्या अनुभवाचा होता. देव त्यांना नंतर दिसला; आधी त्यांनी किडा पाहिला, तोही वाकून, पुष्कळ वेळ. हा ग्रंथ मिटल्यावर एखाद्या वाचकाचे लक्ष भिंतीवरच्या मातीच्या कोठडीकडे गेले, आणि ती पाडण्यासाठी हात उचलण्याऐवजी तिला भोक केव्हा पडते याची वाट पाहत तो थांबला, तर या विषयाचे पहिले प्रकरण त्याने स्वतःच वाचले, असे समजावे.